दिवसाला नऊ रुपयांची वॉरंटी: घेऊ की नको?

पत्र:

नमस्कार दादा, मी चिपळूणहून लिहितेय. मुलीला यंदा पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालं, हॉस्टेलला राहणार आहे. लॅपटॉप बघून आलो, 61,990 चा आहे, कंपनीची एक वर्षाची वॉरंटी आहे. दुकानातला मुलगा म्हणतो वर 6,499 भरा म्हणजे तीन वर्षं बिनघोर, दिवसाला नऊ रुपये पण पडत नाहीत, पण आजच घ्यावं लागेल, नंतर मिळणार नाही. आम्ही दोन दिवस मागून घेतलेत. मिस्टर म्हणतात हे सगळे पैसे काढायचे धंदे. मला मात्र भीती वाटते. 2021 च्या पुरात आमचा फ्रिज, टीव्ही, माझी शिलाई मशीन सगळं गेलं, एक रुपया कुठून मिळाला नाही. परत तसं काही झालं तर दुसरा लॅपटॉप घ्यायची ताकद नाही. काय करू?

उत्तर:

ताई, आधी लेकीचं मनापासून अभिनंदन, तिला नक्की सांगा. आणि दोन दिवस मागून घेतलेत हे फार चांगलं केलंत.

उत्तर लगेच देऊन टाकतो, म्हणजे दुकानातून फोन आला तर तुमची अडचण नको. तो 6,499 चा दुकानातला प्लॅन घेऊ नका. पण मिस्टर म्हणतात तसं काहीच नको, असंही माझं म्हणणं नाही. लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे त्या कंपनीचंच ॲक्सिडेंटल डॅमेजचं, म्हणजे पडण्या-सांडण्याने झालेल्या नुकसानीचं, कव्हर मिळतं का ते बघा, मिळत असेल आणि किंमत आवाक्यात असेल तर पहिल्या दोन वर्षांसाठी ते घ्या, आणि वरचे पैसे मुलीच्या नावाने वेगळे टाकून ठेवा. का, ते आता सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्रातली पुराची ओळ वाचून मला राहवलं नाही.

मी अकरा वर्षं लॅपटॉप रिपेअरिंगच्या टेबलावर काढली आहेत. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी चिपळूण शहरात शिरली, त्यानंतर दोनेक आठवड्यांनी चिपळूण-खेडकडचे लॅपटॉप आमच्याकडे यायला लागले, कोणी गोणीत घालून, कोणी पिठाच्या डब्यात तांदूळ भरून त्यात खुपसून. त्यातला एक मला अजून आठवतो. खालचं झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांमध्ये लाल गाळ बसून वाळलेला, त्याला बारीक भेगा पडलेल्या, आणि मदरबोर्डवरच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, चिपांच्या पायांना पांढरी-हिरवी पूड धरलेली, बोट लावलं की सुटायची. ज्यांचा होता त्या बाई शाळेत शिक्षिका होत्या. पिशवीतून त्यांनी एक्स्टेंडेड वॉरंटीचा कागद काढला, लॅमिनेट करून ठेवला होता, म्हणून तेवढा एक पुरातून वाचला होता. मी तो उलटा केला, मागच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाणी, पूर, वीज पडणे, व्होल्टेज कमीजास्त होणे, आग, यातलं काहीही यात धरलं जाणार नाही. मला ते त्यांना वाचून दाखवावं लागलं. त्यांनी पैसे भरले होते, कागद जपला होता, आणि ज्या दिवशी खरी गरज पडली त्या दिवशी त्या कागदाचा काही उपयोग नव्हता.

तुम्हाला हे घाबरवायला सांगत नाहीये ताई. तुमची भीती खरी आहे, पण दुकानातला मुलगा जे विकतोय ते त्या भीतीवरचं औषध नाहीये, एवढं आधी डोक्यात पक्कं करू.

वॉरंटी म्हणजे काय तर वस्तू बनवताना राहिलेल्या दोषाची जबाबदारी. तुम्ही नीट वापरताय आणि तरी बोर्ड गेला, स्क्रीनवर आपोआप रेघा आल्या, की-बोर्डची बटणं चालेनाशी झाली, तर ती कंपनीची चूक धरतात आणि फुकट करून देतात. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे हीच जबाबदारी पुढे एक-दोन वर्षं वाढवलेली. तुमच्या हातून पडला, पाणी सांडलं, चोरीला गेला, पुरात गेला, हे यात कुठेच येत नाही. ॲक्सिडेंटल कव्हर म्हणजे हातून झालेल्या नुकसानीचं, ते वेगळं विकतात, काही ठिकाणी दोन्ही एकत्र मिळतं. आणि इन्शुरन्स ही तिसरी गोष्ट. काउंटरवर या तिन्हीला "प्रोटेक्शन" असं एकच गोंडस नाव लावतात आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आता हॉस्टेलवरच्या मुलामुलींचे लॅपटॉप कशाने खराब होतात ते सांगतो, हे मी रोज बघितलंय. चहा नाहीतर मॅगीचं पाणी की-बोर्डवर सांडतं. रात्री उशीशी, कॉटवर ठेवून पिक्चर बघतात, सकाळी पाय लागून खाली पडतो. इयरफोन की-बोर्डवर राहतो आणि वरून झाकण बंद करतात, कट्ट असा आवाज येतो आणि स्क्रीनला आतून कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा जातो. एका हाताने कोपऱ्यातून स्क्रीन उघडायची सवय असते, मग दीड-दोन वर्षांनी बिजागरीचे स्क्रू ज्या प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात ते प्लास्टिकच उचकटतं. तुमची लेक सुट्टीला एसटीने कुंभार्ली घाटातून कराडमार्गे येणार-जाणार, सॅक वर रॅकवर टाकणार, घाटात ती सॅक किती वेळा आपटते ते तुम्हीही बघितलं असेल. यातलं एकही कारण साध्या वॉरंटीत बसत नाही. सेंटरवाला मशीन उघडतो, बोर्डवर पाण्याचा डाग नाहीतर कोपऱ्याला चेपलेलं दिसलं की शेरा मारतो "फिजिकल डॅमेज", संपलं, मग प्लॅन तीन वर्षांचा असो की पाच.

उलट बनवण्यातला खरा दोष असेल तर तो बहुतेक वेळा लवकर बाहेर येतो, पहिल्या काही महिन्यांत, आणि ते वर्ष कंपनीच्या फुकट वॉरंटीतच असतं. नंतरची दोन-तीन वर्षं मशीन साधारण शांत चालतं. मग पुढे जाऊन झीज सुरू होते, बॅटरी उतरते, पंखा घरघर करतो. म्हणजे दुकानातला प्लॅन नेमकी ती मधली, त्यातल्या त्यात कमी त्रासाची वर्षं तुम्हाला विकतोय.

"तीन वर्षं" हा शब्दही जरा नीट ऐका. त्यातलं पहिलं वर्ष कंपनीचं आहे, त्याचे पैसे तुम्ही लॅपटॉपच्या किमतीत दिलेलेच आहेत. 6,499 मध्ये मिळणार दोनच वर्षं, दुसरं आणि तिसरं. दिवसाला नऊ रुपये हा हिशेबही त्या 730 दिवसांवरचाच आहे. आणि इंजिनिअरिंग चार वर्षांचं आहे ना? चौथ्या वर्षी फायनल इयरचा प्रोजेक्ट, कॅम्पस इंटरव्ह्यू, लॅपटॉप लागतो तेव्हाच सगळ्यात जास्त, आणि तेव्हा या प्लॅनची मुदत संपलेली असेल.

बॅटरीचं स्वतंत्र सांगतो, कारण यात फार लोक फसतात. बॅटरी ही झिजणारी वस्तू धरतात, गाडीच्या टायरसारखी. बऱ्याच प्लॅनमध्ये लॅपटॉपला तीन वर्षं असली तरी बॅटरीला एकच वर्ष असतं, आणि चार वर्षांत एकदा बॅटरी बदलावी लागणं हे तर जवळपास ठरलेलंच समजा. म्हणजे जो खर्च नक्की येणार आहे तोच बाहेर ठेवलेला. काही कंपन्या बॅटरीचं कव्हर वेगळं विकतात, आणि ॲपलच्या ॲपलकेअर प्लसमध्ये बॅटरीची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देतात, पण तो विषय मॅकबुकवाल्यांचा. तुमच्या लॅपटॉपला दोन वर्षांनी विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला लेकीला सांगा, त्यात डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता उरलेली क्षमता) असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला की बॅटरी बदलायची वेळ झाली.

आता पैशाचा हिशेब करू. या रेंजच्या लॅपटॉपला साधारण काय खर्च येतो ते माझ्या टेबलावरच्या अनुभवाने सांगतो, मॉडेलप्रमाणे इकडेतिकडे होईल. की-बोर्ड दीड ते साडेतीन हजार. बॅटरी अडीच ते पाच. बिजागरी हजार ते तीन हजार. स्क्रीन बाहेर चार ते सात, कंपनीकडे त्याहून बरीच जास्त. मोठा दणका एकच, मदरबोर्ड, कंपनीकडून नवा घेतला तर वीस-पंचवीस हजार किंवा वरही जातो, बाहेर चिप लेव्हलला, म्हणजे बोर्डवरचा बिघडलेला भाग तेवढा बदलून, दुरुस्त झाला तर तीन ते आठ हजारांत निभावतं. बाकी सगळे खर्च 6,499 च्या आतले नाहीतर आसपासचे आहेत, म्हणजे हा प्लॅन खरं तर एका मदरबोर्डसाठीच घ्यायचा. पंचवीस हजाराचा बोर्ड धरला तर अशा चार लॅपटॉपपैकी एकाचा बोर्ड त्याच दोन वर्षांत, तेही कोणाची चूक नसताना, जायला हवा, तेव्हा कुठे तुमचे पैसे बरोबरीत येतात. माझ्या अकरा वर्षांत घरगुती वापराचे बोर्ड इतके जाताना मी बघितले नाहीत. जे गेले त्यातले कितीतरी पाण्याने नाहीतर व्होल्टेजने गेले, आणि ते प्लॅनच्या बाहेर.

शिवाय त्या 6,499 मध्ये 18 टक्के जीएसटी आहे, दुकानाचं कमिशन आहे, मधल्या कंपनीचा खर्च आहे. लॅपटॉप विकून दुकानाला फार सुटत नाही, प्लॅन विकून सुटतं, म्हणून तो मुलगा इतका मागे लागतो. त्याच्यावर राग धरू नका, त्याला महिन्याचं टार्गेट असतं, पगाराचा तुकडा त्यावर अवलंबून असतो. फक्त त्याची घाई ही तुमची घाई नव्हे.

"आजच घ्या, नंतर मिळणार नाही" याबद्दल. त्या दुकानाचा प्लॅन कदाचित खरंच नंतर मिळणार नाही. पण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीची साधी एक्स्टेंडेड वॉरंटी साधारणपणे मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत घेता येते, म्हणजे तुमच्याकडे विचार करायला महिनोनमहिने आहेत. पहिलं वर्ष वापरून बघा, मशीनने तीन-चार वेळा त्रास दिला तर अकराव्या महिन्यात घ्या. ॲक्सिडेंटल कव्हरचं मात्र तसं नाही, ते बऱ्याचदा लॅपटॉपसोबत किंवा खरेदीनंतर ठरावीक दिवसांतच देतात, कारण उघड आहे, फुटल्यावर कोणी घ्यायला येऊ नये म्हणून. त्यामुळे दोन दिवसांत चौकशी करायची ती त्याची करा. डेल, एचपी, लेनोवो, असूस, सगळ्यांकडे या प्रकारचं कव्हर आहे, नावं वेगवेगळी आहेत. कंपनीच्या वेबसाइटवर तुमचं मॉडेल टाकून किंमत बघा नाहीतर कस्टमर केअरला फोन करून विचारा, "पडलं किंवा पाणी सांडलं तर कव्हर होतं का, वर्षातून किती वेळा, आणि माझ्या खिशातून किती जातात." हे तीन प्रश्न, याच शब्दांत.

किंमत किती असली तर घ्यायचं? माझा स्वतःचा ठोकताळा असा की लॅपटॉपच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. तुमच्या बाबतीत सहा हजाराच्या आत दोन वर्षांचं ॲक्सिडेंटल बसलं तर डोळे झाकून घ्या म्हणेन, कारण घरापासून लांब पहिल्यांदाच राहणाऱ्या, पहिल्यांदाच स्वतःचा लॅपटॉप हाताळणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीच्या हातून काही सांडणं-पडणं हे बोर्ड आपोआप जाण्यापेक्षा कितीतरी जास्त शक्य आहे, यात तिचा दोष काही नाही. तिला आधीच सांगून ठेवा की पडला तर लपवू नकोस, लगेच सांग, कारण काही प्लॅनमध्ये नुकसान झाल्यावर एक-दोन दिवसांत कळवावं लागतं. मुलं आई-बाबा ओरडतील म्हणून आठ-आठ दिवस सांगत नाहीत, ओला लॅपटॉप परत परत चालू करून बघतात, आणि पाण्याने जेवढं बिघडलं नसतं तेवढं त्या चालू करण्याने बिघडतं. सांडलं की लगेच बंद, चार्जर काढायचा, उलटा करून ठेवायचा आणि चालू न करता सेंटरला न्यायचा. एवढं एक तिच्याकडून घोकून घ्या.

कंपनीचं आणि दुकानाचं यात मी फरक का करतोय तेही सांगतो. दुकानाचे किंवा ऑनलाइन कार्टमध्ये दिसणारे प्लॅन बहुधा तिसरीच एखादी कंपनी चालवते. बिघाड झाला की आधी त्यांना कळवायचं, मग ते त्यांचा माणूस पाठवणार, मग मंजुरी, मग कुठेतरी दुरुस्ती, पार्ट ओरिजिनल की लोकल ते त्यांच्या अटींवर. काही प्लॅनमध्ये दुरुस्त होत नसेल तर पैसे परत देतात, पण लॅपटॉपची किंमत दर वर्षी घटवून, म्हणजे तिसऱ्या वर्षी तुमच्या 61,990 चे किती उरलेले असतील ते त्यांच्या तक्त्यात छापलेलं असतं, तो तक्ता मागून बघा. सगळेच वाईट असतात असं अजिबात म्हणणार नाही, चांगला अनुभव आलेली माणसंही मला भेटलीत. पण लेक सबमिशनच्या आठवड्यात लॅपटॉपविना तीन आठवडे बसली तर ते नुकसान कोणी भरून देत नाही. कंपनीच्या कव्हरमध्ये निदान एकाच दारात जायचं असतं.

आणि एक गोष्ट, जी तुमच्या मनात आली नसेल. लॅपटॉप तुम्ही चिपळूणला घेताय पण तो राहणार पुण्यात. त्यामुळे सर्व्हिस सेंटर बघायचं ते हॉस्टेलच्या पिनकोडवरून. "ऑनसाइट" लिहिलं असेल तर माणूस जागेवर येतो, "कॅरी-इन" असेल तर आपण घेऊन जायचं. पुण्यात सेंटर भरपूर आहेत, कॅरी-इननेही भागेल, त्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका. हेच मुलगी गावात राहून शिकत असती आणि सेंटर रत्नागिरी नाहीतर कोल्हापूरला असतं, तर मी उलट सांगितलं असतं.

माझं उत्तर सगळ्यांना हेच नसतं. परवाच एकाला मी तीन वर्षांची घ्यायला लावली, तो घरून व्हिडिओ एडिटिंग करतो, लॅपटॉप दीड लाखाचा, रॅम-बिम सगळं बोर्डलाच चिकटवलेलं, दिवसाला बारा तास तापतो आणि एक दिवस बंद तर कमाई बंद. अशांनी घ्यावी, कंपनीचीच, ऑनसाइटची.

मग पुराचं काय, असं तुम्ही म्हणाल. ताई, पुरासाठी लॅपटॉपची वॉरंटी नको, घराचा इन्शुरन्स बघा. एप्रिल 2021 पासून "भारत गृह रक्षा" नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी जनरल इन्शुरन्स कंपन्या देतात, त्यात पूर धरलेला आहे आणि घराबरोबर घरातल्या सामानालाही कव्हर मिळतं. तुमची शिलाई मशीन ही कमाईची वस्तू आहे, घरूनच व्यवसाय करत असाल तर ती सामानात धरतात का हे आधी स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. त्या पुरात तुम्हाला रुपया मिळाला नाही हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, आणि म्हणून सांगतो, 6,499 मधला एखादा हिस्सा कुठे घालायचा असेल तर माझ्या मते तो अशा पॉलिसीत घाला. पुण्यातल्या हॉस्टेलमधला लॅपटॉप त्यात येणार नाही, पण तो वाशिष्ठीच्या पाण्यापासूनही लांब असेल.

चोरीचंही लगेच बोलून टाकू. हॉस्टेलमध्ये लॅपटॉप चोरीला जातात, आणि चोरी साध्या वॉरंटीत नसतेच, ॲक्सिडेंटलमध्येही बहुधा नसते, आणि ज्यात असते तिथे पोलिसांत एफआयआर लागतो, नुसता तक्रार अर्ज चालत नाही. तिला कपाटाचं एक चांगलं कुलूप घेऊन द्या.

घ्यायला जाल तेव्हा बिल नीट बघा. लॅपटॉपची रक्कम वेगळी आणि प्लॅन वेगळा दिसला पाहिजे, हप्त्यावर घेत असाल तर विशेष करून, कारण "महिन्याला फक्त एवढे" म्हणत प्लॅन ईएमआयमध्ये घुसडलेला मी पाहिलाय. ऑनलाइन घेत असाल तर कार्टमध्ये टिक आधीच मारलेली नाही ना ते बघा. न विचारता कार्टमध्ये काही घालणं हे आता नियमाविरुद्ध आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा 13 फसव्या पद्धतींची यादी काढून त्यांना बंदी घातली, त्यात हे आहे आणि खोटी घाई दाखवणंही आहे. बिलावर सिरीयल नंबर असू द्या. घरी आल्यावर त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर तो सिरीयल नंबर टाकून वॉरंटीची तारीख तपासा, कधीकधी लॅपटॉप गोडाऊनमधून निघाला त्या तारखेपासून वॉरंटी सुरू झालेली दिसते, म्हणजे तुमचे दोन-तीन महिने आधीच गेलेले. तसं दिसलं तर बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून मागता येते, पण ते तेव्हाच केलेलं बरं, बिघाड झाल्यावर बिल शोधत बसण्यापेक्षा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, त्याचा फोटो काढून स्वतःलाच व्हॉट्सॲप आणि ईमेल करून ठेवा.

डेटा कुठल्याही कव्हरमध्ये परत मिळत नाही, बोर्ड बदलून मिळेल पण आतल्या फाइली नाही. म्हणून लेकीला कॉलेजची कामं गूगल ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवर, आणि एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवायची सवय लावा. एक बरं स्पाइक गार्डही, म्हणजे व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारा प्लग-बोर्ड, घेऊन द्या, पाचेकशे रुपयांत मिळतं. आणि ती सुट्टीला घरी आली की पावसाळ्यात वीज कडकडायला लागली तर चार्जर भिंतीतून काढून ठेवायचा, कोकणात हे सांगायला नको पण तरी.

समजा कव्हर घेतलंत आणि वेळेला त्यांनी हात वर केले, तर गप्प बसू नका. आधी ईमेलने लेखी तक्रार करा, फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नसतो. मग 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवा, बऱ्याच कंपन्या तेवढ्यानेच जाग्या होतात. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आता तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे कंपनी बेंगळुरूची असली तरी तुम्ही रत्नागिरीच्या आयोगात जाऊ शकता, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची एवढं लक्षात ठेवा. त्या शिक्षिका बाईंना तेव्हा मी हे सांगू शकलो असतो तर बरं झालं असतं असं नाही म्हणणार, कारण त्यांच्या कागदावर पूर स्पष्ट वगळलेला होता. पण प्लॅन विकताना "सगळं कव्हर आहे" असं त्यांना सांगितलं गेलं होतं, आणि ते सांगितल्याचा काही पुरावा त्यांच्याकडे नव्हता. म्हणून दुकानातला मुलगा जे तोंडाने सांगेल ते त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. "पाणी सांडलं तर कव्हर आहे का, हो की नाही, एवढं लिहा." लिहायला तयार झाला नाही तर तेही उत्तरच आहे.

मिस्टरांना माझा नमस्कार सांगा, प्लॅनबद्दल त्यांचं बरोबर आहे, पण ॲक्सिडेंटलबद्दल त्यांनी तुमचं ऐकावं. आणि ते कव्हर घ्यायचं ठरलं तर पैसे भरायच्या आधी त्याच्या अटींमधलं "यात काय येत नाही" हे पान मागून घ्या आणि मला फोटो पाठवा. इंग्रजीत असलं तरी काळजी नको, मी ओळ न ओळ वाचून तुम्हाला मराठीत लिहून पाठवतो, त्याच दिवशी.